घरातल्या सगळ्यांना एकच प्रोबायोटिक चालेल का?

प्रश्न: ताई, मी पलूसजवळच्या गावातून लिहितेय. मागच्या महिन्यात सासऱ्यांची दाढ सुजली म्हणून ७ दिवस अँटिबायोटिक दिलं, तिसऱ्या दिवसापासून त्यांना जुलाब लागले. मेडिकलवाल्याने प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या, दोन दिवसांत बरं वाटलं. गोळ्यांचा कोर्स संपला पण आता तो म्हणतोय पुड्या २-३ महिने चालू ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनीच काहीतरी घ्या, साइड इफेक्ट नसतो, इम्युनिटी वाढते. त्याच्याकडून कॅप्सूलचा एक डबा आणून ठेवलाय. माझ्या ४ वर्षांच्या मुलाचं पोट सारखं बिघडतं. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जातात, त्यांना कायम गॅसेस, पोट फुगतं, सकाळी ॲसिडिटीची गोळी रोजची. आणि माझी आई सध्या माझ्याकडेच आहे, मिरजेला तिचे केमोचे डोस चालू आहेत, तिलाही मधूनमधून जुलाब होतात, तोंड येतं. सासूबाई म्हणतात पैसे कशाला घालवताय, घरचं ताक प्या. सगळ्यांना देऊ का हे?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी आईचं बोलते, कारण बाकीच्यांचं आठवडाभर पुढं-मागं झालं तरी काही बिघडत नाही, आईच्या बाबतीत तसं नाहीये.

आईला यातलं काहीही देऊ नका. पुडी नाही, कॅप्सूल नाही, ती छोट्या बाटलीतली प्रोबायोटिक ड्रिंक येते ना तीसुद्धा नाही. तिच्या केमोच्या डॉक्टरांनी स्वतःहून कागदावर लिहून दिलं तरच द्यायचं, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून नाही आणि माझ्याही नाही. मी स्वतः मिरजेत औषधांच्या काउंटरमागं उभी असते, त्यामुळं "साइड इफेक्ट काही नसतो" हे वाक्य किती सहज तोंडातून निघतं ते मला चांगलं माहितीये. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते जवळपास खरंही आहे, पहिले काही दिवस थोडा गॅस होतो, पोट गुडगुडतं, एवढंच. पण प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू, चांगले म्हटले तरी जंतूच, आणि ते आतड्यातच राहतील हे आपलं शरीर सांभाळतं म्हणून ते चांगले. केमोचा डोस झाला की साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी खूप खाली जातात, आणि तोंड आलंय म्हणजे नुसतं तोंडच नाही, पोटात आतड्यापर्यंतचं अस्तरसुद्धा नाजूक झालेलं असू शकतं. अशा वेळी तेच चांगले जंतू अस्तरातून रक्तात उतरू शकतात आणि त्यांना अडवणारं कोणी नसतं. हे होतं क्वचित, पण झालं तर आयसीयूचं काम असतं.

आता एक गोष्ट विचारते. आईला केमोसाठी दंडाला पिक लाइन किंवा छातीत पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेत औषध सोडायची नळी, बसवलीय का? कारण सासऱ्यांना जी पुडी दिलीय तिच्यात बहुतेक सॅकरोमायसिस बोलार्डी असणार, जुलाबाच्या पुड्यांमध्ये तेच जास्त चालतं, पुडीवर नाव वाचून बघा. ती एक प्रकारची यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी आहे आणि पुडी फोडली की तिची भुकटी हवेत उडते, बोटांना लागते. ज्याच्या मोठ्या शिरेत नळी आहे अशा पेशंटच्या जवळ ही पुडी फोडल्यामुळं, त्या पेशंटनं स्वतः ती न घेताही, यीस्ट त्याच्या रक्तात गेल्याच्या केसेस दवाखान्यांमध्ये झालेल्या आहेत, म्हणून युरोपातल्या औषध नियंत्रकांनी स्पष्ट सांगितलंय की अशा पेशंटला आणि इम्युनिटी कमी झालेल्याला हे द्यायचं नाही आणि त्यांच्या खोलीत पुडी फोडायचीही नाही. घरात सासऱ्यांना पुडी कालवून देणारी आणि आईची लाइन, ड्रेसिंग बघणारी बाई एकच असणार, म्हणजे तुम्हीच, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. सासऱ्यांची पुडी आता तशीही बंदच करायचीय, ते पुढं सांगते, पण उरलेल्या पुड्या आईच्या खोलीत ठेवू नका आणि आजवर तिथं फोडत असाल तर तो कोपरा ओल्या फडक्यानं पुसून घ्या, हात साबणानं धुवा. आईला काही होईल म्हणून घाबरून जाऊ नका, फक्त आजपासून थांबवा, आणि लाइन असेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना हे सांगून ठेवा.

आजारी माणसाला प्रोबायोटिक दिलं की फायदाच होणार असं धरून चाललं तर काय होतं याचं एक उदाहरण आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली, २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. डॉक्टरांना वाटलं होतं की चांगले जंतू नळीतून आतड्यात सोडले तर इन्फेक्शन कमी होईल. झालं उलटंच, प्रोबायोटिक दिलेल्या गटात १६ टक्के लोक गेले आणि न दिलेल्या गटात ६ टक्के. हेतू चांगला होता, डॉक्टर हुशार होते, तरी असं झालं, म्हणून मी आईबद्दल एवढी अडून बसलेय.

मग आईच्या जुलाबाचं काय? तर ते तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगायचं, दिवसातून किती वेळा होतंय, रात्रीचं उठावं लागतं का, किती पातळ आहे हे मोजून सांगायचं, कारण केमोच्या प्रत्येक औषधाचे जुलाब वेगळे आणि त्यांची ट्रीटमेंटही वेगळी. तोपर्यंत ओआरएस थोडं थोडं चालू ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला किंवा अंग थरथरायला लागलं तर सकाळची वाट न बघता, रात्री २ वाजले असले तरी मिरजेला घेऊन निघायचं. आणि घरचं दही-ताक तिला चालेल का हेही त्यांनाच विचारा, पांढऱ्या पेशी खाली असताना काही ठिकाणी घरी विरजलेलं, उघड्यावरचं काही नको म्हणतात, रिपोर्ट बघून ते सांगतील.

आता सासरे. त्यांच्या बाबतीत पुडी देणं चुकीचं नव्हतं, हे आधी सांगते. अँटिबायोटिक दाढेतले जंतू मारतं तसे आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं, म्हणून बऱ्याच जणांना ३-४ दिवसांत पातळ व्हायला लागतं. यावर प्रोबायोटिकचा उपयोग होतो याचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे, निदान लहान मुलांमध्ये तरी. २०१९ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं, ३३ ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तेव्हा अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलांमध्ये जुलाब लागण्याचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पण म्हाताऱ्या माणसांचं चित्र तेवढं स्वच्छ नाही, इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५ वर्षांच्या वरच्या जवळजवळ ३ हजार पेशंटवर ट्रायल झाली होती, २०१३ मध्ये निकाल आला, त्यात प्रोबायोटिक घेणारे आणि न घेणारे यांच्यात काहीच फरक नव्हता, दोन्हीकडं साधारण १० टक्क्यांना जुलाब झालेच. त्या ट्रायलमधले जंतू वेगळे होते, सासऱ्यांच्या पुडीतली यीस्ट वेगळी, त्यामुळं सरळ तुलना करता येत नाही, पण दोन दिवसांत बरं वाटलं ते पुडीमुळंच हे छातीठोक सांगता येणार नाही, असे साधे जुलाब बऱ्याचदा आपले आपणही थांबतात.

काहीही असो, काम झालंय. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर, एवढाच याचा काळ. २-३ महिने चालू ठेवायला काही कारण नाही. उलट इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता, लहान होता, फार थोड्या माणसांवरचा, पण त्यात असं दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेत राहिलेल्या लोकांचे स्वतःचे मूळचे जंतू परत यायला जास्त वेळ लागला, काहीही न घेणाऱ्यांचे लवकर परत आले. एका छोट्या अभ्यासावरून कायदा करता येत नाही, पण "जास्त दिवस घेतलं तर काय बिघडतंय" या बोलण्याला तो बऱ्यापैकी उत्तर आहे.

सासऱ्यांवर लक्ष मात्र ठेवा. अँटिबायोटिक संपल्यावर पुढचे दोन-तीन महिने, आणि पहिला महिना जास्तच, एक वेगळा त्रास होऊ शकतो, सी-डिफ म्हणतात त्याला, चांगले जंतू मेलेल्या जागेत हा वाईट जंतू वाढतो आणि विष सोडतो. नुकतंच घेतलेलं अँटिबायोटिक त्यांच्याकडं आहेच, वय ६५ च्या वर असेल तर धोका जास्त, आणि तेही मिस्टरांसारखी ॲसिडिटीची गोळी घेत असतील तर तीसुद्धा यात भर घालते, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, एफडीएनं, २०१२ मध्येच तशी सूचना काढलीय. परत दिवसाला तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं झालं, पोटात कळा, ताप, रक्त किंवा शेम पडली तर डॉक्टरांकडं जाऊन शौचाची तपासणी करायची, आणि तोपर्यंत ती संडास बांधणारी गोळी मेडिकलमधून आणून द्यायची नाही, सी-डिफ असेल तर विष आतच कोंडून राहतं. पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा की मागच्या गोळीनं असं झालं होतं, आणि विचारा की अँटिबायोटिक लागणारच आहे का, दाढ साफ करून किंवा पू काढून भागेल का. बऱ्याचदा भागतं.

आणि परत कधी द्यायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा, यीस्टची पुडी अँटिबायोटिकसोबत चालते कारण अँटिबायोटिक यीस्टला मारत नाही, पण बुरशीची गोळी, ती फ्लुकोनाझोल वगैरे, चालू असेल तर पुडीचा उपयोग शून्य. लॅक्टोबॅसिलसवाली कॅप्सूल असेल तर अँटिबायोटिक आणि तिच्यात दोन तासांचं अंतर, नाहीतर एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं उपटायचं असं होतं. कडक चहा किंवा गरम दुधातून तर कधीच नाही.

आता तो डबा. तो हातात घ्या आणि बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. नुसतं प्रोबायोटिक मागणं म्हणजे काउंटरवर येऊन "एक औषध द्या" म्हणण्यासारखं आहे, मी विचारणारच ना कशावरचं. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, बॅसिलस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस अशा जंतूंच्या वेगवेगळ्या जाती असतात, आणि त्यातही पोटजाती, म्हणजे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस एवढं पुरत नाही, पुढं जीजी आहे की अजून काही यावरून काम बदलतं. अशा एका पोटजातीवर, म्हणजे स्ट्रेनवर झालेला अभ्यास दुसऱ्याला लागू होत नाही. डब्यावर जातीच्या पुढं स्ट्रेनचं नाव किंवा नंबरच नसेल तर कंपनी कुठल्या पुराव्यावर बोलतेय हेच कळत नाही. आपल्याकडं आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०११ मध्ये खाण्यातल्या प्रोबायोटिकबद्दल नियमावली काढली, तिच्यात स्ट्रेनची ओळख, सुरक्षितता आणि फायदा हे दाखवायला सांगितलंय. दुकानात मात्र सगळ्या डब्यांवर "पचन सुधारतं, इम्युनिटी वाढते" एवढंच ठळक.

दुसरा आकडा असतो सीएफयू, म्हणजे जिवंत जंतू किती. १ बिलियन म्हणजे १०० कोटी. मोठा आकडा म्हणजे चांगलं असं नाही, ज्या डोसनं ज्या त्रासावर काम केलं तो डोस महत्त्वाचा. आणि तो आकडा बनवतानाचा आहे की एक्स्पायरीपर्यंतचा हे बघा, कारण जंतू डब्यातही मरत असतात. फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलेलं पाकीट एप्रिल-मेच्या उन्हात सांगलीपासून तुमच्या गावापर्यंत गाडीच्या डिकीत गेलं तर घरी आलेली कॅप्सूल म्हणजे मेलेल्या जंतूंची भुकटी. बॅसिलस क्लॉसायचे स्पोअर, म्हणजे कवचातले झोपलेले जंतू, आणि वाळवलेली यीस्ट बाहेर टिकतात, बाकीच्यांचं पाकिटावर वाचायचं. तुमचा डबा अजून सीलबंद असेल तर बिल घेऊन जा आणि परत घेतो का विचारा, मला तुमच्या घरात सध्या त्याचं गिऱ्हाईक दिसत नाहीये.

मुलाबद्दल. सारखं म्हणजे किती ते लिहिलं नाहीये तुम्ही. महिन्याला एकदा पातळ होणं वेगळं आणि रोजच तीन-चार वेळा असणं वेगळं. जुलाब चालू आहेत त्या दिवसांत त्याला वाचवतं ते ओआरएस आणि झिंक, प्रोबायोटिक नाही. हे मी जरा जोर देऊन लिहितेय कारण काउंटरवर रोज बघते, आई-वडील प्रोबायोटिकची महागडी वायल (छोटी बाटली) घेतात आणि ओआरएसचं स्वस्त पाकीट नको म्हणतात, "ते तर आहेच की" म्हणून, आणि घरी गेल्यावर तेही नसतं. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात जुलाब-उलट्या होणाऱ्या लहान मुलांवर दोन मोठ्या ट्रायल्स झाल्या, एकीत लॅक्टोबॅसिलस जीजी दिलं, दुसरीत दोन जातींचं मिश्रण, दोन्हीत औषध नसलेल्या नकली पुडीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही. आपल्या पोरांचे जंतू, पाणी, खाणं वेगळं आहे, त्यामुळं बालरोग डॉक्टर कधी कधी देतात, त्यांनी दिलं तर द्या, निरोगी मुलाला त्यानं अपाय होत नाही. पण ओआरएसच्या जागी नाही.

ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. ओआरएस नाव लावून गोड सरबतं विकायचा धंदा बरीच वर्षं चालला, त्यात साखर इतकी की जुलाब वाढायचे, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी त्याच्याविरुद्ध कितीतरी वर्षं एकटीनं झगडा केला आणि शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, अशा ड्रिंकच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी घातली. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत, अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात असं नको. झिंक रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण, कारण त्यानं पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाबही कमी होतात. सारखं पोट बिघडणाऱ्या पोराला हवं ते हेच आहे की. आणि काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या त्या वायलमधलं बॅसिलस क्लॉसाय कोणी दिलंच तर ते पाजायचं असतं, इंजेक्शनसारखं दिसतं म्हणून कोणाकडं टोचायला नेऊ नका.

बाकी मूळ शोधा. पावसाळ्यात कृष्णेला पाणी वाढलं की गावच्या नळालाही गढूळ येतं, ते तुरटी फिरवून गाळलं म्हणजे झालं असं नाही, तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, खळखळ उकळायलाच लागतं. नखं, संडासनंतर साबण, शाळेच्या गेटवरचा बर्फगोळा, सगळं तुम्हाला माहिती आहेच. वजन वाढत नसेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा पोट बिघडणं दोन आठवड्यांच्या वर लांबलं तर बालरोग डॉक्टर. डोळे खोल गेले, लघवी सहा-सात तास नाही, पोरगं मलूल पडलंय, तर लगेच ॲडमिट.

एक अजून, नात्यात कोणाला तान्हं बाळ असेल आणि पुढं सांगतेय त्या अभ्यासाची बातमी ऐकून कोणी प्रोबायोटिक द्यायला सांगितलं तर थांबवा. ओडिशात खेड्यातल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांवर ट्रायल झाली, निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमची एक खास जात आणि सोबत तिचं खाद्य असं आठवडाभर दिलं, त्यांच्यात रक्तातलं इन्फेक्शन आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले, २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं, आपल्या देशातलं किती मोठं काम आहे ते. पण ती पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांची, वजनानं बरी, निरोगी बाळं होती. २०२३ मध्ये अमेरिकेत दवाखान्यात असलेलं एक कमी दिवसांचं बाळ प्रोबायोटिकमधल्याच जंतूच्या इन्फेक्शननं गेलं आणि एफडीएनं इशारा काढला. म्हणजे बाळ कुठलं आणि जंतू कुठला यावर सगळं. ते डॉक्टरांवरच सोडायचं.

मिस्टरांना हवं तर ट्राय करता येईल, घरात तेवढे एकच. ब्रिटनच्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२१ मध्ये आयबीएसबद्दल, म्हणजे पोट दुखणं, फुगणं, शौच बिघडणं असा जो जुना त्रास असतो त्याबद्दल, सांगितलंय की ज्याला घ्यायचंय त्यानं १२ आठवड्यांपर्यंत घेऊन बघावं, फरक नाही पडला तर बंद करावं. अमेरिकेच्या संघटनेनं त्याच्या आदल्याच वर्षी त्याच आजारात ट्रायलबाहेर देऊ नका म्हटलंय. मोठ्या लोकांचंच एकमत नाही, मग रोज ३०-४० रुपयांची कॅप्सूल आधी कशाला, आधी फुकटातलं बघू. त्यांच्या शिफ्टचं जेवण कधी होतं? रात्रपाळीला कँटीनची भजी, तीन-चार चहा, पहाटे घरी येऊन पोटभर जेवण आणि लगेच आडवं, असं असेल तर कुठलाही जंतू काय करणार. तंबाखू, मावा असेल तर तो सुटल्याशिवाय ॲसिडिटी सुटत नाही. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद करून बघा, कितीतरी मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना कळतही नाही की फुगतंय ते त्यानं, त्यांनाच दही मात्र पचतं, कारण दह्यातले जिवंत जंतू ती साखर पचवायला मदत करतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं प्रोबायोटिक कंपन्यांचे बहुतेक दावे फेटाळले पण दह्याचा हा एक मान्य केला. कच्चा कांदा, हरभऱ्याचं पिठलं, राजमा यांनी फुगतं का तेही लिहून ठेवायला सांगा.

ॲसिडिटीची गोळी रोज किती वर्षं चाललीय आणि कोणी लिहून दिलीय हे तुम्ही लिहिलं नाहीये. एकदम बंद करू नका, उसळून जास्त जळजळ होते, पण डॉक्टरांना एकदा विचारा की अजून लागते का. आणि वजन आपोआप उतरतंय, शौचाला काळं किंवा लाल पडतंय, रात्री पोटदुखीनं जाग येते, घास अडकतो, रक्त कमी झालंय, यातलं काही एक असेल तर कॅप्सूल, ताक, ओवा सगळं बाजूला ठेवून मिरजेला पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, आईबरोबर जाताच आहात तर त्यांनाही घेऊन जा.

राहिल्या सासूबाई. त्यांचं बरंचसं बरोबर आहे. घरच्या दह्यात जंतू भरपूर असतात, पण कुठले आणि किती हे तुमच्या विरजणावर, उन्हाळा-हिवाळ्यावर अवलंबून, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही, अँटिबायोटिकच्या जुलाबावर ताकानं भागेल असं मी सांगणार नाही. रोजच्या खाण्यात मात्र कॅप्सूलपेक्षा मी ताकाच्या बाजूनं आहे. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये आला, १० आठवडे रोज आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटातल्या जंतूंचे प्रकार वाढले आणि शरीरातली सूज दाखवणारे घटक कमी झाले. लोक थोडेच होते, पण आपल्याकडं ज्याची सवयच आहे ते चालू ठेवायला एवढं पुरे. त्यांना एवढंच सांगा की कढी केली की जंतू मेले, चव राहते, अन्न म्हणून चांगलीच, पण जिवंत काही नाही. आंबील करताना पीठ रात्री भिजवून सकाळी शिजवतो त्यात रात्रीचे जंतू जातात, म्हणून ती कोमट झाल्यावर वरून ताक घालायचं, उकळत्यात नाही. दूध उकळून मगच विरजायचं, ताक पातळ करायला पाणीही उकळून गार केलेलं, नाहीतर जुलाब ताकातूनच यायचे.

आणि हे जंतू खातात काय, तर आपल्याला न पचणारा चोथा. तो असतो ज्वारीच्या भाकरीत, मटकीच्या उसळीत, हुलग्याच्या माडग्यात, शेवग्यात, कांद्या-लसणात. कितीतरी घरांत कॅप्सूल चालू असते आणि भाकरी बंद झालेली असते, त्या कॅप्सूलमधले जंतू मग पाहुण्यासारखे येतात आणि चार दिवसांत शौचावाटे निघून जातात, गोळी बंद केल्यावर बहुतेकांचे राहतच नाहीत. मिस्टरांना भाकरी-उसळ एकदम वाढवू नका, आधीच फुगतंय त्यांचं, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी जास्त प्यायला लावा. सासऱ्यांना बीपी असेल तर ताकात मीठ चिमूटभरच, जिरेपूड घाला हवी तेवढी.